तिसऱ्या मजल्यावरचं तळं

आमच्या घराची तळं म्हणून चौकशी झाली, त्याला खालच्या मजल्यावरचे बँकवाले काका जबाबदार नाहीत, हे आधीच स्पष्ट करते. ते स्वतः जिन्यात भेटेल त्याला हेच सांगतात, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला हमखास उलटं वाटावं. जबाबदार मी आहे. थोडीफार लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिमही आहे, पण तिला जिन्यात गाठून जाब विचारता येत नाही, मला येतो.

मी बेडकांवर संशोधन करते. हे वाक्य मी चारचौघांत टाळते, आणि सासूबाई तर माझी ओळख "ती कॉलेजात असते" एवढ्यावरच भागवतात. बेडूक कापणं वगैरे माझ्याच्याने व्हायचं नाही. आमचं काम ऐकण्याचं. तळ्याकाठच्या झाडाला रेकॉर्डर बांधायचा, तो दिवसरात्र ऐकत राहतो. मग त्या आवाजांवरून तिथे कोणते बेडूक आहेत, कोण हाक मारतं, त्याला कोण उत्तर देतं, हे शोधायचं. खरं सांगायचं तर हल्ली आम्हीही ऐकत नाही. इतकं ऐकत बसणार कोण? ऐकतो एक प्रोग्रॅम. तो आलेख काढतो, आणि आम्ही आलेख बघून माना डोलावतो.

हा प्रोग्रॅम फक्त लिनक्सवर चालतो. ही सिस्टिम फुकट असते, आणि तिचं पोट उघडून आत काय चाललंय ते कुणालाही बघता येतं. पूर्वी आमच्या प्रयोगशाळेत विकतची, भारीतली सिस्टिम होती. एकदा तिची नवी आवृत्ती आली आणि आमच्या जुन्या तळ्यांतले बेडूक अचानक कमी झाले. तळी तीच, आवाज तेच, आकडे वेगळे. कंपनीला विचारलं, तर आतली रचना हे आमचं व्यावसायिक गुपित आहे, असं गोड उत्तर आलं. तेव्हा आमच्या मॅडम म्हणाल्या, "ज्या तराजूचं झाकण उघडून बघता येत नाही, त्यात मी बेडूक तोलणार नाही." बेडूक तोलणं हे मुळातच अवघड, एक ठेवला की दुसरा उडी मारतो; पण तो मुद्दा बैठकीत कुणी काढला नाही. तेव्हापासून आमचं सगळं उघड. सिस्टिम उघडी, प्रोग्रॅम उघडा, आणि रेकॉर्डिंगही जगजाहीर साठ्यात. आमचं चुकलं तर कुणीही, कुठूनही, आमचे कान उपटू शकतो.

मग गुंडी झाली. गुंडी म्हणजे माझी मुलगी. ती अजून रांगत नाही, पण रांगण्याचा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो, त्यामुळे मला नजर हलवता येत नाही. नवरा एका पुलाच्या कामावर लांब असतो आणि पूल सोडेल तेव्हा येतो. मी रजेवर. रजा संपली, वाढवली, परत वाढवली. आणि एक दिवस मॅडमचं पत्र आलं. त्यात 'बाळ कसं आहे' हे एक वाक्य होतं आणि मुद्द्याची दोन. तुझ्या तळ्यांचा भाग या महिन्यात झाला नाही, तर तो बुलेट पूर्ण करेल. लेखावर नाव अर्थातच जो करेल त्याचं.

बुलेट हा आमच्याकडचा धाकटा संशोधक. मुलगा वाईट नाही. पण ती तळी माझी होती. गुंडी पोटात असताना मी त्या चिखलात उतरून रेकॉर्डर बांधले होते, माझी एक चप्पल अजून तिथेच कुठेतरी रुतलेली आहे. त्या चपलेवर बुलेटचं नाव मी लागू देणार नव्हते.

घरी काम करायचं तर प्रयोगशाळेचा लॅपटॉप हवा. रजेवरच्या माणसाला तो बाहेर नेता येत नाही. बरं, घरच्या लॅपटॉपवर ती सिस्टिम टाकते, असं मी कळवलं. तर त्यालाही खरेदी विभागाची मान्यता लागते म्हणे. मी फोन केला. पलीकडे एक अत्यंत शांत साहेब होते.

"किंमत किती?" ते म्हणाले.

"फुकट आहे."

"ते ठीक आहे. पण तीन दरपत्रकं लागतील."

"साहेब, फुकट वस्तूचं दरपत्रक कोण देणार?"

"तीन विक्रेत्यांकडून घ्या. त्यातलं सर्वांत कमी असेल ते आपण मंजूर करू."

"तिन्ही शून्य असली तर?"

ते विचारात पडले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या प्रश्नावर इतका वेळ विचार करत होतं. शेवटी म्हणाले, "मग बरोबरी झाली, बाई. बरोबरी झाली की निविदा नव्याने काढावी लागते."

मी मान्यतेचा नाद सोडला. नवऱ्याचा जुना लॅपटॉप कपाटात पडला होता. तो वापरते, असं सांगायला त्याला फोन केला.

"तू त्याला हात लावू नकोस. मी आलो की बघू."

"कधी येणार?"

"बघू," तो म्हणाला. मागे यंत्रांची घरघर होती. "ठेवू? साहेब बोलावतायत."

त्याच्याकडे दोन 'बघू' होते, माझ्याकडे एक महिना. मी लॅपटॉप काढला.

बँकवाले काका निवृत्त झाल्यापासून इमारतीतल्या प्रत्येक व्यवहाराला हमीदार राहतात. मी गुंडीला कडेवर घेऊन एक मोठा पेनड्राईव्ह आणायला निघाले, तर त्यांनी जिन्यातच अडवलं. फुकटची सिस्टिम लॅपटॉपवर टाकायला तो लागतो, असं मी सांगितलं.

"फुकट? अगं, फुकट कोण कुणाला देतं?"

"जगभरातली माणसं मिळून बनवतात, काका."

"त्यांना नोकऱ्या नाहीत?"

"असतील की."

"मग?"

मी गुंडीला दुसऱ्या कडेवर घेतलं. काका पुढे म्हणाले, "काहीतरी गोम असणार. मी बँकेत जन्म काढला. फुकट दिसलं की मी आधी मागची बाजू बघतो. आणि हो, तुझ्या बाथरूममधून पाणी झिरपतंय का बघ. माझ्या छताला ओल आलीय."

"बघते," मी म्हणाले. हा शब्द आमच्या घरात संसर्गजन्य आहे.

दुपारी गुंडी झोपली आणि मी कामाला लागले. उगाच कशाला खोटं बोलू, ते सहज झालं. पडद्यावर नवं निळं पान उघडलं तेव्हा मला इतका अभिमान वाटला की कुणाला तरी दाखवावं म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कपडे वाळत होते. गुंडी उठल्यावर तिला दाखवलं. तिने पडदा चाटून पसंती दिली.

मग मी एका तळ्याचं रेकॉर्डिंग लावलं, आणि लॅपटॉपमधून आवाज येईना. आवाज वाढवला, येईना. कानाला लावला, येईना. नाटक बसवायचं आणि पडदाच उघडायचा नाही, तशातला प्रकार. आवाजावर संशोधन करणारी बाई आणि तिचा मुका संगणक, असा आमचा संसार सुरू झाला.

अशा वेळी जायचं कुठे, तर या सिस्टिमच्या लोकांचा इंटरनेटवर एक चव्हाटा असतो, तिथे. कुणीही प्रश्न टाकावा, कुणीही उत्तर द्यावं. मी घाईघाईत लिहिलं, 'मदत करा, आवाज येत नाही!!' पहिलं उत्तर आलं, 'हे शीर्षक आहे की किंकाळी?' दुसरं आलं, 'नियमावली वाचलीत का?' तिसऱ्याने सांगितलं की हाच प्रश्न पूर्वी विचारून झालेला आहे, आणि तिथला दुवा दिला. मी मोठ्या आशेने गेले. अगदी माझ्याच लॅपटॉपचा प्रश्न होता, आणि खाली विचारणाऱ्याने स्वतःच लिहिलं होतं, 'सुटला. धन्यवाद.' कसा सुटला, ते नाही. त्या माणसाला आयुष्यात सगळं मिळो, फक्त कुलपं मिळाली की किल्ल्या न मिळोत.

मी पदवीधर आहे. पदवीच्या पुढेही बरंच काही आहे. मला इतकं तोडून कुणी कधी बोललं नव्हतं. पण कपाळ चोळत बसलेली असताना चौथं उत्तर आलं. टोपणनाव 'जुनाट'. लिहिलं होतं, 'यांच्याकडे लक्ष देऊ नका, यांची पोटं दुखतात. लॅपटॉपचं नाव आणि वय सांगा. आता पडद्यावर काय दिसतंय?'

आता पडद्यावर काय दिसतंय, हे मला किती दिवसांत कुणी विचारलं नव्हतं! मी जे जे दिसत होतं ते सगळं लिहिलं, अगदी कोपऱ्यातल्या घड्याळासकट. जुनाट कोण, कुठला, बाई की पुरुष, काही माहीत नाही. त्याची सकाळ आणि माझी दुपार एकदम होते, एवढं लक्षात आलं. तो म्हणे ही ओळ टाका, मी टाके. तो म्हणे आता? मी म्हणे नाही. असं चार-पाच दुपारी चाललं. पाचव्या दुपारी चव्हाट्यावर जाण्याआधी मी केस विंचरले, आणि मग स्वतःलाच विचारलं की हे कुणासाठी, बाई?

शेवटी आवाज आला, पण मधूनच खरखर. जुनाटने लिहिलं, 'एक पूर्ण दिवस यंत्रावर रेकॉर्डिंग चालू ठेवा. खरखर कधी येते ते बघू.'

आणि इथे मी ती चूक केली, जी फक्त बेडूकवाल्यांच्या हातूनच होऊ शकते. रेकॉर्डिंगसाठी मला आमच्या प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम सोडून दुसरं काही येत नाही. मी तोच लावला. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, 'तळे क्रमांक?' क्रमांक दिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. मी सवयीने यादीतला पुढचा टाकला, लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि गुंडीच्या मागे लागले. तळ्याचं रेकॉर्डिंग पूर्ण झालं की तो प्रोग्रॅम ते आपण होऊन जगजाहीर साठ्यात पाठवतो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. ही सोय मीच मागून घेतली होती. चिखलातून आल्यावर बटणं दाबायचा कंटाळा यायचा म्हणून.

खरखर सापडली, जुनाटने एक ओळ बदलायला सांगितली, यंत्र गाऊ लागलं. मी दुपारी बसून बसून माझी सगळी तळी पूर्ण केली, मॅडमना पाठवली, आणि गुंडीला उचलून घरभर एक फेरी मारली. महिना संपायला अजून अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी बुलेटचा फोन. बुलेट बोलताना स्वल्पविराम वापरत नाही.

"ताई काय तळं शोधलंय तुम्ही बोलला नाहीत कधी मॅडम तर खुर्चीतून उठल्या लेखाची सुरुवातच त्याने करायची म्हणतायत."

"कुठलं तळं?"

"ते शेवटचं हो. प्रौढ नर आकाराने मोठा दिवसभर हाक मारतो भर दुपारीसुद्धा दुपारी कुठला बेडूक बोलतो सांगा आणि ताई प्रतिसाद शून्य. आख्ख्या दिवसात एकही उत्तर नाही. पण तरी थांबत नाही पठ्ठ्या. आणि जवळ एक पिल्लू आहे. नर पिल्लू सांभाळतोय ताई एकटा!"

मी स्वयंपाकघरातल्या फळीकडे पाहिलं. "मी बघून सांगते," म्हणून फोन ठेवला.

रात्री गुंडी झोपल्यावर कानांवर हेडफोन चढवले आणि पहाटेपर्यंत ते तळं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादं रेकॉर्डिंग सबंध ऐकलं असेन.

स्वतःबद्दल माझा समज होता की मी अबोल आहे. लहानपणापासून सगळे तसंच म्हणत आले. आणि इथे एक बाई सकाळपासून बोलत होती. भरवताना ती ओठांची मोटार करून 'ब्रर्रर्र' असं लांबलचक चालवत होती; प्रोग्रॅमचा प्रौढ नर तो हाच. ती वॉशिंग मशीनला म्हणत होती, "थांब गं बाई, आले, ओरडू नकोस." नळाला म्हणत होती, "तुला आत्ताच गळायचं होतं?" मध्ये बेल वाजली. पार्सलवाला. तिने त्याला विचारलं, "तुम्ही नेहमी याच भागात येता का?" तो "सही करा" म्हणाला. "जिना फार आहे नाही? पाणी देऊ का?" तिने विचारलं तोवर त्याची पावलं दुसऱ्या मजल्यावर पोचली होती. मग नवऱ्याचा फोन. तिकडचं ऐकू येत नव्हतं, ती फक्त "हो", "हो", "जेवले", "ठेव" म्हणत होती. बाळाच्या दुधाच्या डब्यावरच्या सूचना तिने बातम्या वाचाव्यात तशा खणखणीत आवाजात वाचून दाखवल्या. आणि मध्ये मध्ये नुसता पंखा.

मी हेडफोन काढले. यंत्राची एक बाब चुकली होती, मी नर नाही. बाकी सगळा अहवाल बिनचूक होता.

आता खरं सांगायला हवं होतं, आणि तिथेच माझं धाडस संपलं. एक तळं खोटं निघालं की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? रजेवरची बाई, घरातून काम करते, स्वयंपाकघराला तळं म्हणते. भाग बुलेटकडे जाणार, हे तर ठरलेलंच. उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्या फोन वाजला.

"जलाशय संरक्षण कार्यालयातून बोलतोय. तळ्याच्या मालक आपणच का?"

उत्साही बुलेटने त्या एकाकी नराला संरक्षण मिळावं म्हणून परस्पर अर्ज केला होता. जागेची खूण रेकॉर्डिंगसोबतच गेलेली होती.

"अहो, हा तिसरा मजला आहे," मी म्हणाले.

"म्हणजे तळं तिसऱ्या मजल्यावर आहे, असं लिहू?"

"तळं नाहीच आहे!"

पलीकडचा आवाज एकदम कडक झाला. "बुजवलंत?"

"नाही हो—"

"तळं बुजवणं गुन्हा आहे, बाई. आमचा माणूस पाहणीला येईल."

माणूस आला. हातात टेप, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्या बुटांचा आवाज ऐकून बँकवाले काका त्याच्यामागोमाग वर आले. पाहणीवाल्याने शांतपणे स्वयंपाकघर बघितलं, बाल्कनी बघितली, आणि बाथरूममध्ये गुंडीच्या भरलेल्या टबापाशी थबकला.

"हे काय?"

"मुलीच्या आंघोळीचा टब."

"पाणी बारमाही असतं?"

"मी कधीपासून सांगतोय!" काका दारातून ओरडले. "माझ्या छताला ओल येते ती उगाच नाही! वर तळं आहे हे आम्हाला सांगायला नको?"

"काका, तळं नाहीये."

"सरकारी माणूस काय बूट घालून हौसेने आलाय?"

पाहणीवाल्याने टेप टबाला लावली. गुंडीने टेपचं दुसरं टोक धरलं आणि आनंदाने 'ग्या' केलं. मला अचानक रडू येईल असं वाटलं, आणि दोन परक्या पुरुषांसमोर टबाच्या कारणावरून रडणं मला परवडण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, "बसा. चहा ठेवते. सगळं सांगते." आणि सांगितलं. रेकॉर्डिंग लावूनही दाखवलं. काकांनी ब्रर्रर्र ऐकलं, पार्सलवाला ऐकला, पुढचंही बरंच ऐकलं. जाताना फक्त म्हणाले, "ओलीचं सावकाश बघू गं." काकांना 'सावकाश' हा शब्द येतो हे मला ठाऊक नव्हतं.

ते गेल्यावर, धीर आहे तोवर, जगजाहीर साठ्यात त्या तळ्याखाली मी लिहून टाकलं: 'हे तळं नाही. आमचं स्वयंपाकघर आहे. प्रौढ नर मी आहे. पिल्लू माझी मुलगी. चूक माझी.' लिहिलं आणि लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडायची भीती वाटत होती.

मॅडमचा फोन आला. मॅडम फोन करत नाहीत, पत्र लिहितात.

"तुझ्या भागाचं काय करायचं ते नंतर बोलू," त्या म्हणाल्या. "आधी मला सांग, प्रोग्रॅमला माणूस ओळखता येत नाही?"

"नाही, मॅडम. म्हणजे मला ओळखलं नाही."

"मग बाकीच्या तळ्यांवर माणसं नव्हती कशावरून?"

याचं उत्तर प्रोग्रॅमच्या पोटातच मिळणार होतं. आणि तेवढ्यासाठीच तर झाकण उघडता येणारा तराजू घेतला होता. मी उघडला. प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन वाचत बसले. आत लिहिलं होतं ते इतकंच: आवाज अमुक पट्टीत असेल आणि सारखा सारखा येत असेल, तर तो बेडूक. जगात बेडूक सोडून कुणी एकटं बडबडत असेल, ही शक्यताच लिहिणाऱ्यांनी धरली नव्हती. त्यांनाही दोष नाही. तळ्यावर जाणारी माणसं, त्यांना काय माहीत.

मी नियम लिहिला. माणसाचा आवाज कसा चढतो, शब्दांमध्ये श्वास कुठे घेतो, हे शिकायला माझ्याजवळ अख्ख्या दिवसाचा नमुना होताच. प्रोग्रॅम उघडा, तेव्हा त्यातला बदल चव्हाट्यावरचे लोक तपासतात; तिथे पाठवला, तर तपासायला नेमका जुनाट. त्याने परत पाठवला: 'नियम बरोबर आहे. ओळींच्या सुरुवातीला सोडलेली जागा कमीजास्त आहे. नीट करा.' नीट केलं. परत आला: 'आता जास्त झाली.' इथे मला त्याला सासूबाईंची ओळख करून द्यावीशी वाटली. तिसऱ्या खेपेला स्वीकारला. खाली एवढंच होतं: 'छान. स्वयंपाकघर ऐकलं. आमच्याकडेही पंखा असाच वाजतो.'

नव्या नियमाने सगळी तळी पुन्हा मोजली. माझी तळी तावून सुलाखून निघाली, एका कोळ्याच्या दोन-चार हाळ्या सोडल्या तर बेडूक ते बेडूकच. बुलेटच्या तळ्यावर मात्र घोळ निघाला. त्याचा गाजलेला दुर्मीळ बेडूक, ज्याच्यावर त्याने परिषदेत भाषण केलं होतं, तो पंपघराच्या रखवालदाराचा घोरण्याचा आवाज होता. बुलेट फोनवर प्रथमच थांबून थांबून बोलला. "ताई... मला तो बेडूक... फार आवडायचा." मला त्याचं वाईट वाटलं. थोडं. पुढच्या पत्रात मॅडमनी लिहिलं की तळ्यांचा भाग तुझ्याच नावाने जाईल, आणि नियमाचाही एक परिच्छेद घाल. माझ्या चपलेला न्याय मिळाला.

नवऱ्याचा फोन आला. "साठ्यातलं ते रेकॉर्डिंग मी ऐकलं," तो म्हणाला.

"किती?"

"सगळं. तीन दिवस ऐकतोय, जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री." मग म्हणाला, "वॉशिंग मशीनशी तू माझ्यापेक्षा बरी बोलतेस."

"ती मध्येच ठेवू का म्हणत नाही."

मागे यंत्रांची घरघर होती. त्याने त्या दिवशी ठेवू का विचारलं नाही. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांचा श्वास ऐकत राहिलो. मग साहेबांनी त्याला बोलावलं.

चव्हाट्यावरच्या लोकांची एक रीत आहे. नवा नियम घातला की त्याच्यासोबत एक छोटा नमुना जोडायचा. पुढे कुणीही, कुठेही, तो प्रोग्रॅम आपल्या संगणकावर टाकला की यंत्र आधी तो नमुना ऐकून बघतं, आणि बरोबर ओळखला तरच पुढे सरकतं. मॅडम म्हणाल्या, आवाज तुझा आहे, नमुना तूच निवड. मी दुधाच्या डब्यावरच्या सूचनांचा निवडला. त्यात मी जरा सुशिक्षित वाटते. तेव्हापासून जगात जिथे जिथे कुणी बेडूक मोजायला बसतं, तिथे तिथे आधी माझा आवाज तपासला जातो, आणि यंत्र उमटवतं: 'माणूस.' मग लोक आपल्या कामाला लागतात. दूध कोमट पाण्यात कालवावं, हे आता कितीतरी शास्त्रज्ञांच्या यंत्रांना पाठ झालं असेल. ऐकत मात्र कुणी नाही.

परवा दुपारी कामाचं काही उरलं नव्हतं. गुंडी झोपली होती. मी सहज चव्हाट्यावर गेले, तर माझ्या नियमाखाली एका अनोळखी नावाने लिहिलं होतं: 'नमुना माझ्या यंत्रावर नापास होतोय. इथे तुम्ही बेडूक म्हणून येता. काय करू?'

एका ओळीत सुटण्यासारखा प्रश्न होता. त्याच्याकडे नियमाची जुनी आवृत्ती राहिली असणार, नवी टाकली की झालं. मी ती ओळ लिहिली. पाठवायला बोट नेलं आणि थांबले. पाठवली की तो 'सुटला, धन्यवाद' म्हणून निघून जाईल.

मी ओळ पुसली. खुर्ची पुढे ओढली आणि आधी त्याच्या लॅपटॉपचं नाव विचारलं. मग वय विचारलं. मग विचारलं, तुमच्याकडे आता हवा कशी आहे?